धुऱ्यावरची बोलणी

पुण्यात मी आंतरराष्ट्रीय अभ्यास शिकत होते, तिसऱ्या वर्षाला. गावाकडं कुणी विचारलं, "हे शिकून काय होतं गं?" की ताठ मानेनं सांगायचे, "देशादेशांची भांडणं कशी मिटतात ते कळतं." खरं सांगते, मला त्या विषयाचं भारी अप्रूप होतं. समुद्रातल्या ओसाड खडकासाठी दोन देश वर्षानुवर्षं भांडतात आणि एखाद्या दुपारी चार माणसं टेबलाशी बसून ते मिटवतात, हे वाचताना मी जेवण विसरायचे.

घरचं भांडण मात्र पाच वर्षं तसंच होतं. जवळा बाजारच्या अलीकडं आमचं शेत, त्याला लागून मोठ्या बाबांचं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचं. मधे धुरा, म्हणजे बांध. एका नांगरटीत तो धुरा हातभर कोरला गेला, हद्दीचा दगड उखडला. कुणाच्या ट्रॅक्टरनं, ह्यावरून मोठे बाबा आणि माझे वडील, आबा, यांचं बोलणं बंद. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर मोठ्या बाबांच्या पोरीचं लग्न निघालेलं. आबांनी तिला खांद्यावर खेळवलेली. पत्रिका सगळ्या गावात गेली, आमच्या घरी न्हाई. आबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

मला वाटलं, आता नाही तर कधी? कॉलेजात एका सीमावादावर प्रकल्प करायचाच होता. मी सहा कलमांचा करार लिहिला. दोन्ही बाजूंनी दोन दोन फूट कुणी नांगरायचं नाही, मोजणी दोघांसमक्ष, खाली सह्यांना जागा. बाजारात जाऊन टाइपिंगच्या दुकानातून छापूनही आणला. काय ती हौस!

आबांनी उभ्यानंच वाचला. मग म्हणाले, "भावाभावात कागद? आं? आता तर त्या लग्नाला मी जातच न्हाई!"

करायला गेले गणपती, झाला मारुती! मी रडत रडत आईवरच खेकसले, "तुला कसं काहीच वाटत नाही?" आई म्हणाली, "उद्या कापूस वेचायला चल," आणि भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुऱ्याकडच्या तासाला, म्हणजे कडेच्या ओळीत, वेचत होतो. पलीकडं मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, वेचत होती. आई मान वर न करता म्हणाली, "बाई, पोरीनं कागद दिला. तुमचे दीर लई चिडलेत."

पलीकडून तीही वाकूनच म्हणाली, "आमचे काय कमी हायेत? म्हणतात, धाकट्यानं आधी यावं."

"अन् आमचे म्हणतात, थोरल्यानं आधी बोलवावं."

मी हातातला कापूस तसाच धरून उभी. पाच वर्षं! पाच वर्षं ह्या दोघी जावा अशाच बोलत आल्या होत्या. पोरीचं स्थळसुद्धा, मला नंतर कळलं, माझ्या आईनंच चौकशी करून पसंत केलेलं. सरकारं अबोला धरतात तेव्हा मागच्या दारानं कुणीतरी बोलत असतं, हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं, आणि ते करणारी बाई मला रोज भाकरी वाढत होती. देवाची वाटते ना, तशी मला आईची भीतीच वाटली.

"अक्कांना निरोप धाडू," मोठी आई म्हणाली.

अक्का म्हणजे माझी आत्या, दोन्ही भावांहून थोरली, वारंगा फाट्याकडं दिलेली. तिसऱ्या दिवशी ती आली. पण कुणाच्याच घरी गेली नाही. पिशवी घेऊन भर उन्हात सरळ धुऱ्यावर जाऊन बसली. "माझं माहेर कोणतं ते आधी ठरवा," म्हणाली, "मग पाणी पिते."

आता बसा! गावभर बातमी. थोरली बहीण तहानलेली बसून राहिली म्हटल्यावर कुठला भाऊ घरात थांबेल? दोघं दोन बाजूंनी तांब्या घेऊन धावत आले. आत्यानं एकाचाही घेतला नाही. पण आता आधी कोण आलं, हा प्रश्नच उरला नव्हता. दोघं बराबरच आले होते.

मग मोठ्या बाबांनी तांब्या खाली ठेवला आणि धुऱ्याकडं पाठ केली.

"दगड तू ठेव," ते आबांना म्हणाले. "मी बघत न्हाई."

आबांनी तो उखडलेला दगड उचलला, जुन्या जागेपाशी नेला, थांबले, आणि आपल्याच रानात हातभर आत रोवला. कलम नाही, मोजणी नाही, सही नाही. असलं काही मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

मोठे बाबा वळले. दगडाकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. मग वाकून त्यांनी तो दगड उपटला आणि जुन्या जागी नेऊन ठेवला.

"पोरीचं लग्न हाय," ते म्हणाले. "पण तुला ये म्हणणार न्हाई मी. घरच्याला कोण बोलवतं रे?"

आत्यानं तेव्हा कुठं तांब्याला हात लावला.

आबा उपरण्यानं तोंड पुसत राहिले, लई वेळ. मग म्हणाले, "भाऊ, मांडव कुठं टाकून राहिला?"