चहा नकोसा होतो तेव्हा

राखोलीच्या औद्योगिक भागात एका कारखान्याच्या गेटसमोर एका चहावाल्याची गाडी होती. मूळचा धुळ्याकडचा. बोलणं संपलं की पातेल्यावर सांडशी आपटायची त्याला सवय होती.

उन्हाचा कामावर काय परिणाम होतो, या संशोधनाचे फॉर्म भरून घ्यायला मी तिथे उभी राहायचे. "उन्हामुळे किती तास काम बुडलं?" असं विचारलं की कामगार "कुछ नहीं, मॅडम" म्हणून सटकायचे. चार दिवस फॉर्म कोरेच राहिले.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "ताई, काम बुडलं असं इथं कोण सांगेल? सुपरवायझर शेजारीच चहा पितो. त्यांना विचारा, चहा नकोसा कधीपासून होतो." आणि सांडशी आपटली.

तसं विचारल्यावर लोक मोकळे झाले. चहावरून बोलणं मशीनच्या धगीवर जायचं, तिथून चक्कर येण्यावर, मग अर्धी पाळी टाकून घरी जाण्यावर. माझे फॉर्म भरले.

पुढच्या वर्षी अहवाल छापून पार दिल्लीपर्यंत गेला. कुठूनच उत्तर आलं नाही. होळीला पंधरा दिवस असताना मी अहवालात काय निघालं ते त्यालाही सांगून आले, की कामगारांना होळीच्या आधीच ऊन सोसेनासं होतं.

तो म्हणाला, "म्हणजे होळीनंतर ताक ठेवतो ते माझं चुकतंच."

दुसऱ्या दिवशी जवळच्या आमलीहून येताना पाहिलं, तर गाडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला ताकाचा माठ होता.

आमच्या अहवालावर आजवर झालेली कारवाई ती एकच. पण दुसऱ्याच दिवशी झाली.