लानमावशींची रांग

हाँगकाँगच्या आमच्या गल्लीत हुंग साउ-लान, म्हणजे लानमावशी, चहात उकडलेली अंडी विकायच्या. परवाना नव्हता. पोलीस दिसला की ढकलगाडीसकट अशा पळायच्या की तरुणांनी तोंडात बोट घालावं.

पुढच्या वर्षी इंग्रज हाँगकाँग चीनला सोपवून जाणार होते. चीनमध्ये जन्मलेल्या पण इथं मुरलेल्या लोकांना वसाहतीचं नागरिकत्व हवं असेल, तर शहाण्णवच्या मार्चअखेरपर्यंत अर्ज करायचा होता. त्यावर ब्रिटिश पासपोर्ट मिळे. इंग्लंडात राहायला मात्र नाही. शेवटच्या दिवसांत वान चायच्या कचेरीबाहेर हजारोंची रांग लागली. मावशींना वाटलं, एवढी माणसं म्हणजे एवढी पोटं. पातेलं घेऊन त्या पोचल्या.

"मावशी, इथं विकायचं नाही," पोलीस म्हणाला.

"विकतंय कोण? मी रांगेत उभी आहे. हा माझा डबा."

"साठ अंड्यांचा?"

"भूक फार लागते हो मला."

तो हटेना. रांगेत पुढे उभ्या असलेल्या ओळखीच्या चॅन मास्तरांनी हसून त्यांना आपल्यापुढे घेतलं. मावशी सरकत राहिल्या, अंडी वाटत राहिल्या. दुपारी मास्तरांनी जवळचा जादा अर्ज काढला.

"आलाच आहात तर भरून टाकू. इथं विचारलंय, कधी गुन्हा केलाय?"

मावशी पांढऱ्याफटक पडल्या. बासष्ट साली आईचा हात धरून डोंगरातून चीनची सरहद्द ओलांडल्यापासून सरकारी कागद म्हणजे परत धाडणार, एवढंच त्यांना ठाऊक. तरी खोटं बोलवेना. "अकरा वेळा पकडलंय. अंड्यांपायी."

खिडकीतल्या बाईंनी ते अकराही दंड नीट लिहून घेतले. "एवढ्यावरून कोणी तुम्हाला हाकलत नाही," म्हणाल्या आणि शिक्का मारला. मावशी तिथंच ढसाढसा रडल्या.

घरी नवरा म्हणाला, "जन्मभर त्यांच्या पोलिसांपुढे पळालीस, आणि आता त्यांचीच झालीस?"

"तू गप जेव."

काही महिन्यांनी मंजुरी आली. पासपोर्ट हातात पडताच मावशी सिंगापूरला निघाल्या. थोरली बहीण तिथं होती. चौतीस वर्षांत भेट नव्हती. विमानतळावर दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"इंग्रज झालीस म्हणे!" बहीण म्हणाली.

"झाले. आणि तू केवढी सुटलीस गं!"

मग बाहेर भररस्त्यात गळ्यात पडून दोघींनी असा गळा काढला की टॅक्सीवाला सामान ठेवून पाणी आणायला धावला.