जाहिरात माझ्यावर सोडा!

हंगाम संपला की मी तंबू झटकायला काढतो. काय काय निघतं! केसांच्या पिना, एका पायाचे मोजे, एकदा तर अख्खी कवळी! किस्सेही असेच साठतात, झटकायला घेतल्याशिवाय कळत नाही किती झाले ते. तंबूंचे किस्से मी पवनानगरच्या टपरीवर छाती काढून सांगतो. हे पुढचे मात्र आजवर घरीसुद्धा सांगितले नाहीत.

धरणाच्या काठाला माझे भाड्याचे तंबू आहेत. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. मोबाईलवरची जाहिरात मात्र माझी मीच शिकलो आणि शनिवार-रविवार फुल्ल करून दाखवले. कुसगावच्या वैशालीताई व्हीलचेअरवर बसून गणिताची शिकवणी घेतात. जन्मापासून त्यांची हाडं ठिसूळ. लहानपणी नुसतं उचलून घेतलं तरी मोडायची. आजार इतका दुर्मिळ, की ज्याच्या घरात तो असतो त्याला वाटतं, जगात आपण एकटेच. अशी घरं शोधायची, एकमेकांना जोडून द्यायची, डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगायचं, म्हणून ताईंनी गट काढला.

मी म्हणालो, "ताई, जाहिरात माझ्यावर सोडा!"

* * *

पहिल्याच मीटिंगला मी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "आपला कस्टमर कोण?"

ताई म्हणाल्या, "ज्याचं हाड परत परत मोडतं तो."

"वा! म्हणजे रिपीट कस्टमर!"

समोर अशाच मुलांच्या चार आया बसल्या होत्या. शेवटी ताईंनीच मला सोडवलं. "माझं एकवीस वेळा मोडलंय, बाळूशेठ. आता एखादं फ्री द्या!"

सगळ्या हसल्या. मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर पडलो.

* * *

मग रील केली. ताई फळ्यावर अपूर्णांक शिकवताहेत, एवढंच शूटिंग. मी ते ब्लॅक अँड व्हाइट केलं, स्लो केलं, खाली रडकं व्हायोलिन टाकलं. ताईंना दाखवलं नाही, म्हटलं सरप्राइज! दोन दिवसांत तुफान चाललं.

ताईंचा फोन. "बाळूशेठ, मी कधी गेले हो?"

"कुठं गेलात?"

"खाली बघा ना, पन्नास जणांनी श्रद्धांजली वाहिलीय!"

मी हसलो. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "आज दोन मुलं शिकवणी सोडून गेली. आयांना वाटलं, ह्या बाई काही वर्षभर टिकत नाहीत."

* * *

ताईंनी स्वतः एक कागद लिहिला होता. 'दवाखान्यात काय सांगावं, काय विचारावं.' चांगली दोन पानं. मी म्हणालो, "एवढं कोण वाचतं ताई? चार ओळी करू, वर इमोजी!" माझ्या चार ओळींना नऊशे लाइक पडले.

बेगडेवाडीच्या एका आईनं मात्र त्या दोन पानांची झेरॉक्स पर्समध्ये ठेवली. पोराचा हात तिसऱ्यांदा मोडला तेव्हा दवाखान्यात तिलाच उभं करून विचारत होते, "खरं सांगा, घरी मारता का?" तिनं कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, जुने एक्स-रे मागवले आणि म्हणाले, "बसा ताई."

तोवर तिला कुणी बस म्हणालं नव्हतं.

'ह्या आजारात मार न लागताही हाड मोडतं', हे तिला तारून नेणारं वाक्य मी चार ओळी करताना उडवलं होतं. लांब होतं म्हणून!

* * *

गटाच्या नंबरवर आपोआप उत्तर जावं, अशी सोय मी केली. म्हणजे काय, तंबूंचं सेटिंग होतं तसंच उचलून टाकलं!

एका बापाचा मेसेज आला, "मुलीचा पाय परत मोडला. काय करावं?"

आपला फोन तत्परतेनं म्हणाला, "अभिनंदन! योग्य ठिकाणी आलात! कपल की फॅमिली?"

त्या माणसानं लिहिलं होतं, "फॅमिली."

* * *

ह्याच हाडांचे एक मोठे डॉक्टर मुंबईहून एका रविवारी लोणावळ्याला येणार होते. तपासणी फुकट. शाळेचा हॉल, साठ खुर्च्या, जागेला तोटा नाही. शनिवारच्या तंबूंना लिहितो तसंच मी सवयीनं लिहिलं, 'त्वरा करा! फक्त शेवटच्या तीन जागा!' घाई लागली की लोक येतात, हा माझा अनुभव.

अकरा घरं आली. दुपारी दोनला डॉक्टर मोकळे होऊन चहा पीत बसले.

आठवड्यानं बांबू बघायला धरणापलीकडच्या एका वाडीत गेलो. तिथले एक म्हातारे आबा ओसरीवर बसलेले. आत खाटेवर त्यांची नात, आठ-नऊ वर्षांची, पायाला प्लॅस्टर. विचारलं तर पाचवं!

मी उसळलोच. "आबा, अहो गेल्या रविवारी आपण ह्याच आजाराचे डॉक्टर आणले होते! कळलं नाही का?"

"कळलं की. जीपवाल्यानं फोनवर दावलं. पोरीला नवी कापडं बी घातलीवती."

"मग?"

"तीनच जागा ऱ्हायल्यात म्हनं. आमी काय, हितलंच. कुनीतरी लय लांबनं लेकरू घिऊन आलं आसंल. म्हनलं, त्यास्नी मिळू दे."

आतून पोरीनं हाक मारली, "ओ काका, मिळाली का त्यांना जागा?"

मी म्हणालो, "मिळाली."