माझ्या रक्तातले पाहुणे

हिवतापाच्या औषधावर संशोधन करायला लागले, तेव्हा वडगाव रासाईत कोणाला त्याचं फारसं अप्रूप वाटलं नाही. आमचं घर मेंढपाळाचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप विकून ऊस लावला, तरी औषध म्हटलं की त्यांना मेंढरांना पाजायचं जंताचं औषधच आठवायचं. सुट्टीला गेले की विचारायचे, "निघालं का गं औषध?"

"वेळ लागतो, आबा. काचेच्या बशीत जंतू मेला तर ते उंदराला देऊन बघायचं. उंदीर जगला तर पुढं."

"आन् मेला तर?"

"मग पहिल्यापासून."

"म्हंजी तुला पगार उंदरं मारायचा हाय," असं म्हणून ते चहा सांगायचे.

लग्नानंतर मी दौंडला आले. नवरा रेल्वेत, राहायला रेल्वे कॉलनी. रोज डेमू गाडीनं पुण्याच्या प्रयोगशाळेत जायचं आणि हिवतापाच्या जंतूंवर नवनवी रसायनं टाकून बघायची. त्यातलं एक फार गुणी निघालं. बशीत चाललं, उंदरांतही चाललं. मग उंदरांची यकृतं बिघडली आणि ते बाद झालं. त्याच आठवड्यात मला थंडी वाजून ताप आला.

दगदगीचा असेल म्हणून मी रजई घेऊन पडून राहिले. ताप उतरला आणि एक दिवस सोडून पुन्हा हुडहुडी भरली.

"मॅडम, हे तुमच्याच खात्यातलं दिसतंय," नवरा म्हणाला.

"आपल्या कॉलनीत कुठला आलाय हिवताप?" मी रजईतून म्हणाले.

त्यानं रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि मी काय करते ते विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत, फक्त चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

मी हट्टानं माझ्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावून घेतली. प्रयोगशाळेत मी वाढवायचे तो हिवतापाचा वेगळा प्रकार. हा व्हायवॅक्स नावाचा. बशीत तो तग धरत नाही, माझ्या रक्तात मात्र सुखानं नांदत होता. अंगात ताप असूनही मला तिथून उठवेना. शेवटी नवरा दारातून म्हणाला, "पाहुण्यांना भेटून झालं असेल तर गोळ्या घेऊ या."

पहिली गोळी उलटून पडली. बातमी कळताच आबा गावाहून आले होते. पाण्याचा तांब्या घेऊन ते खाटेशी बसले. "मेंढरू बी एवढं छळत न्हाई. त्याचं तोंड वर धरलं की झालं."

ताप गेला, पण दुसऱ्या गोळ्या दोन आठवडे घ्यायच्या होत्या. मला ठणठणीत वाटत होतं, तरी आबा रोज सकाळी गोळी हातावर ठेवायचे.

"आता ही कशापायी?"

"काही जंतू यकृतात झोपून राहतात, आबा. महिन्यांनी उठतात आणि पुन्हा ताप येतो."

"तुझ्यात हायत का झोपल्याले?"

"ते तपासून कळत नाही."

"एवढी शिकलीस, आन् ते बी कळत न्हाई?"

रागावायचं होतं, पण ते खरंच विचारत होते. मी गोळी गिळली. दिवसभर तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला.

कामावर परतल्यावर आमच्या प्रमुखांना सांगितलं की यापुढे मला झोपलेल्या जंतूंवर काम करायचंय. "जो दिसत नाही, वाढत नाही, त्याच्यावर?" ते म्हणाले आणि माझा ताप नक्की उतरलाय ना, याची चौकशी केली. मग कोपऱ्यातलं एक टेबल दिलं.

त्या टेबलावर बरीच वर्षं गेली. यकृताच्या पेशी वाढवायला शिकले, त्या मेल्या, पुन्हा शिकले. औषध अजून बाजारात आलेलं नाही. पण आमचं एक रसायन प्राण्यांवरच्या चाचण्यांत टिकून आहे, आणि या वेळी यकृतं शाबूत आहेत.

मध्यंतरी गावी गेले तर आबांच्या शेजारचे आप्पा मुद्दाम भेटायला आले.

"तू झोपलेल्या जंतूंचं बघतीस म्हनं. त्यास्नी आधी उठवून मग मारता येत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "आप्पा, आम्ही सध्या तेच करून बघतोय."

आप्पांनी आबांकडं बघितलं. त्यांना वाटलं, मी त्यांची चेष्टा करतेय.