खड्ड्यातला आवाज

संकलनाच्या खोलीत तो पहिल्यांदा आला, तेव्हा संकलन करणाऱ्या ताईंच्या लक्षात राहिली ती त्याची खुर्ची. पडद्यासमोरून ती उचलून त्याने भिंतीला टेकवली आणि दाराकडे तोंड करून बसला.

"अहो, चित्रपट इकडे आहे," ताई म्हणाल्या.

"असू दे. दार पाठीमागे असलं की मला काही सुचत नाही."

स्टुडिओत त्याला सगळे फौजी म्हणत. ताईंनी दुसऱ्या दिवशी टेबलच फिरवून घेतलं.

सैन्यातून लंगडत परतल्यावर झोप येईना म्हणून तो लिहीत बसे. त्याचं पुस्तक झालं. कॅमेरा शिकला तो लग्नांचं चित्रण करणाऱ्या मेहुण्याकडे. पण सवयीने जमिनीला पोट लावूनच चित्रण करायचा. नवरा-नवरीपेक्षा पाहुण्यांचे बूटच जास्त दिसायला लागले, तेव्हा मेहुण्याने हात जोडले. पुढे चार छोटे माहितीपट केले आणि मग स्वतःच्याच पुस्तकावर हा चित्रपट.

पुस्तकात त्याच्या मित्राचं मरण होतं. मित्र खड्ड्यात पडून दिवसभर पाणी मागत होता आणि गोळीबारात कुणालाच त्याच्यापर्यंत जाता आलं नव्हतं. मित्राच्या आईला मात्र फौजीने सांगितलं होतं, "गोळी लागली आणि संपलं, मावशी. त्याला कळलंसुद्धा नाही." मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून पुस्तकात तो बिनधास्त खरं लिहून गेला. चित्रपटाला मात्र कान पुरतात, आणि मावशी पहिल्या खेळाला पुढच्या रांगेत बसणार असं गल्लीभर सांगत सुटली होती.

पडद्यावर खड्डा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. नटाचा आवाज त्याला पटला नाही. म्हणून मित्राचा आवाज त्याने स्वतःच दिला होता.

"आवाज काढू या," ताई म्हणाल्या. "नुसता वारा ठेवू. कुणाला कळणार आहे?"

"मग चित्रपट कशाला केला?"

"तर मावशींना येऊ नका म्हणा."

"काय सांगून? आणखी एक थाप मारू?"

शेवटी तोच मावशीकडे निघाला. एकट्याचा धीर होईना, म्हणून ताईंना सोबत घेतलं. मावशी लसूण सोलत होती. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तू कुठे होतास?"

"जवळच."

"जवळ म्हणजे?"

त्याने दाराकडे बोट केलं. "इथून तिथवर."

मावशीने दाराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग सुरी खाली ठेवली.

"इतकी वर्षं माझ्या ताटात जेवलास रे."

"हो, मावशी."

"मावशी म्हणू नकोस. जा आता. बाई, तुम्हीही निघा."

चित्रपट आवाजासकट लागला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. फौजी बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. ताईंनी बोलावलं तरी तो आत आला नाही. पुढच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी राहिली.

हल्ली तो स्टुडिओच्या मागच्या खोलीत राहतो. सकाळी दुसरं पुस्तक लिहितो, दुपारी नवशिक्यांना कॅमेरा शिकवतो. बाजाराची वाट मावशीच्या गल्लीतून जाते, म्हणून तो कालव्याच्या बाजूने लांबचा वळसा घालून जातो.