मजकूर कुठं मिटायचा

तीन अवतरणचिन्हं एकापुढं एक लिहिलेली पाहून ज्याचा रक्तदाब चढतो असा माणूस भूतलावर एकच, आणि तो चेन्नईत नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. सर मूळचे तंजावरचे मराठी. आमची टीम ग्राहकांना जाणारे निरोप लिहिण्यासाठी एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा बनवत होती. चार-सहा ओळींचा मजकूर कुठं सुरू झाला आणि कुठं संपला हे मशीनला कसं कळावं, एवढंच ठरवायचं काम सरांकडे होतं. आधी तीन अवतरणचिन्हं, नंतर तीन, संपला विषय! सगळं जग हेच करतं. सरांनी त्यात निवृत्तीआधीचं अख्खं वर्ष घातलं. मी साताऱ्याची, तोंडावर बोलणारी. "एवढ्याशा गोष्टीसाठी, सर?" म्हटलं, तर म्हणाले, "पोरी, मी जाईन. माझ्या हातचं इथं एवढंच राहील."

सरांचं समजावणं अंगावर यायचं. एकदा कँटीनमध्ये केळीच्या पानावर जेवत होतो. ओळींच्या डावीकडच्या मोकळ्या जागा मोजायच्या की नाही, असं मी सहज विचारलं. बाई गं, या गृहस्थानं माझं वाढलेलं पान दोन्ही हातांनी धरून सर्रकन ओढलं! रसम माझ्या मांडीवर. "अय्यो, ते असू दे. पान सरकलं, पण मीठ डावीकडंच राहिलं की नाही? मजकुराचंही तसंच, सगळा सरकवला तरी ओळी एकमेकींच्या जागी तिथंच." मी तोंडाचा आ करून बसले. धक्का ओसरल्यावर लक्षात आलं की मुद्दा पटलाय. बोलण्याची तऱ्हाही तीच. सकाळी गोष्ट अर्ध्यावर सोडून निघून जायचे आणि चारच्या कॉफीला एकदम "...म्हणून तो विहिरीत उतरला" असं सुरू करायचे. कोण उतरला विचारलं तर रागवायचे, "मी अवतरण मिटलं होतं काय?"

अखेर त्यांना मजकूर मिटायची खूण सापडली. संपलं, सरलं असलं अभद्र बोलणं त्यांना चालायचं नाही. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तमिळ माणूसही 'वरेन' म्हणतो, अर्थ तोच. तर मजकुराखाली एका ओळीत नुसतं 'वरेन' लिहायचं, की मजकूर मिटला. आमच्या तमिळ मॅनेजरबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या, आणि मला पुन्हा धक्का बसला, कारण त्या कशालाच टाळ्या वाजवत नाहीत.

सरांच्या शेवटच्या दिवशी सगळे जमलो. त्यांनी निरोपाचं भाषण त्याच भाषेत लिहून पडद्यावर चालवलं. आभार झाले, थट्टा झाली, मग एका ओळीत 'वरेन', आणि मशीननं मजकूर मिटला. पण सरांनी त्याखालीही लिहिलं होतं: 'आणि एक राहिलं. घरी मी एकटाच जेवतो. तुम्ही शेजारी बसायचात.' मजकूर मिटल्यावरचं सगळं मशीन आज्ञाच समजतं, म्हणून त्या प्रत्येक ओळीपुढं लाल अक्षरांत आलं, 'ही आज्ञा समजत नाही.'

वर्षभर मी या माणसाशेजारी जेवले आणि मला हे ठाऊक नव्हतं! सर मात्र पडद्याकडं बघत हसले. "नियमच चुकला, पाहा. येतो म्हणून उठलेला माणूस दारात उभा राहूनच खरं बोलतो. माझ्या कसं ध्यानात नाही आलं?"

"सर, 'वरेन'नंतरच्या ओळींना एखादी खूण लावून नियम वाचवू," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"मनातलं बोलायला माणसानं खूण लावावी काय?" असं म्हणून त्यांनी तिथंच, आम्ही सगळे नको नको म्हणत असताना, आपला नियम पुसला आणि तीन अवतरणचिन्हं स्वतःच्या हातानं लिहिली. मला रडूच आलं.

संध्याकाळी पिशवी घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "येतो, पोरी," म्हणाले. मी काम टाकून खुर्ची त्यांच्याकडं वळवली, आता दारात उभं राहून बोलतील म्हणून. सर लिफ्टमध्ये शिरलेसुद्धा होते.