शेखांच्या कार्डावरचं अकरावं भोक

शेखांच्या कार्डावर अकरा भोकं निघाली. गोळ्या दहाच दिल्या होत्या. मी पुन्हा मोजली, अकराच. मग शेजारचं, हवालदार निकमांचं कार्ड घेतलं. त्यावर नऊ.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सांगलीच्या एका रायफल क्लबात मी पगारी स्कोअरर होतो. नेमबाजांची कार्डं, म्हणजे लक्ष्याचे कागद, तपासून गुण लावायचे, हे माझं काम. त्या दिवशी सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा मिळून चौघांचा संघ राज्य स्पर्धेसाठी निवडायचा होता. तिघे ठरले होते. चौथी जागा निकमांना किंवा शेखांना.

निकम कोरेगावचे. फौजेत रायफल शिकले, रेजिमेंटला कप मिळवून दिले. नेमबाजी हा खेळ असतो हेच आमच्याकडे लोकांना ठाऊक नव्हतं, तेव्हापासून ते स्पर्धांना जात. रिटायर होऊन ऊस लावला, तरी रविवारी एसटीने सरावाला येत. अलीकडे त्यांच्या डोळ्यांतून पाणी येई. "यंदा न्हाई जमलं तर बंद," असं ते मला सकाळीच म्हणाले होते. शेख लोणंदचे कांद्याचे व्यापारी. निकमांच्याच हाताखाली शिकलेले.

"माझी एक गोळी त्याच्या कार्डावर गेली आसनार," निकम म्हणाले. "मधी मान वर करून लांब उसाकडं बघितलं. हिरवं बघितलं की डोळा निवतो. फौजेतली सवय हाय. परत डोळा लावला तवा शेजारचं कार्ड दिसलं आसंल."

असं होऊ शकतं. रायफलवरच्या नेम धरायच्या बारीक छिद्रातून एकच कार्ड दिसतं, वरचा नंबर दिसत नाही.

चुकीच्या कार्डावरची गोळी शून्य. त्याबद्दल वाद नव्हता. पण अकरांतली निकमांची कुठली? दहा भोकं नऊ-दहाच्या वर्तुळांत होती. एक पार पाचात.

"पाचातली माझी," निकम म्हणाले. "हात हालल्यावानी वाटलं हुतं."

"आवं, तुमी पाच कवा मारलाय?" शेख म्हणाले.

"आता मारला की रं!"

क्लबचे सेक्रेटरी कंटाळले. "कुलकर्णी, माणूस स्वतः कबूल करतोय. सही करा. जेवणं खोळंबलीत."

मी आधी बेरीज केली. प्रत्येकाची दहा-दहा गोळ्यांची दोन कार्डं होती, हे दुसरं. पहिल्या कार्डावर निकम ९९, शेख ९४. दुसऱ्यावर निकमांच्या नऊ गोळ्यांचे ८८. एकूण १८७. पाचातली गोळी निकमांची धरली तर शेखांना ९५, म्हणजे एकूण १८९. शेख आत, निकम घरी.

"बॅकिंग कार्ड आणायला दहा मिनिटं लागतील," मी म्हणालो.

"अहो, हरणाऱ्यालाच मान्य आहे, मग तुम्हाला काय अडचण?"

"मी अजून मोजलेलं नाही, साहेब."

बॅकिंग कार्ड म्हणजे लक्ष्याच्या मागे एक मीटरवर लावलेला कोरा पुठ्ठा. समोरून मारलेली गोळी दोन्हींतून सरळ जाते. शेजारून मारलेली तिरपी जाते. आमच्याकडे शेजारच्या दोन नेमबाजांत दीड मीटर अंतर, लक्ष्य पन्नास मीटरवर. म्हणजे मागच्या पुठ्ठ्यावर तिरप्या गोळीचं भोक तीन सेंटिमीटर बाजूला पडणार.

पुठ्ठा आला तसा तो आणि शेखांचं कार्ड एकावर एक ठेवून उजेडात धरलं. दहा भोकं जुळली. त्यांत पाचातलं भोकही बरोब्बर जुळलं. जुळलं नाही ते ऐन मधलं, दहाचं. पट्टी लावली, पुठ्ठ्यावर ते तीन सेंटिमीटर उजवीकडे होतं. निकम शेखांच्या डावीकडे होते.

"पाच शेखांचा," मी म्हणालो. "हवालदार, तुमची गोळी दहात आहे."

"दहात?" निकम कार्डाकडे बघतच राहिले. "मग ती त्याला द्या की!"

"देता येत नाही. तुमची ती शून्यच."

शेखांचे ९० झाले, एकूण १८४. त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेतली आणि स्वतः मोजलं. दोनदा. मग पट्टी परत दिली.

"पाच माझाच. जावा हवालदार तुमी. मी बसतो कांदं निवडत."

निकम चष्मा काढून पुसत राहिले.

राज्य स्पर्धेत ते एकोणिसावे आले. संघ सहावा. पुढच्या वर्षी त्यांनी खेळ सोडला.

मी मात्र त्यानंतर कुणाच्याही कबुलीवर सही केली नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचाही अंदाज चुकतो, आणि तो खरं बोलतो म्हणून आपण मोजायचं टाळतो.